केसपेपरच्या खिडकीपाशी अडलेली मराठी

सातवीतली ती मुलगी माझ्या वर्गात मराठीत पहिली यायची. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध लिहायला सांगितला की दोन पानं भरून काढायची. अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनाची चूक सापडायची नाही. आमची शाळा उर्दू माध्यमाची. त्यामुळे अशी एखादी मुलगी निघाली की शिक्षिकेला केवढा आनंद होतो, हे शिक्षकच जाणोत. मी तिला दहापैकी दहा गुण द्यायची.

एका पावसाळ्यात तिच्या अम्मीचं पोट दुखायला लागलं. वडील कामासाठी पुण्याला होते. घरात शिकलेली तीच, म्हणून अम्मीला घेऊन तीच दवाखान्यात गेली. केसपेपर काढला, नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय?” अम्मी आपल्या दखनीत सांगायला लागली, तर मुलीनं तिला थांबवलं, “अम्मी, तुम चुप बैठो, मैं बोलती ना.” आणि ती डॉक्टरांना म्हणाली, “आईच्या पोटात वेदना होत आहेत.”

वाक्य अगदी बरोबर होतं. पण डॉक्टरांनी पुढं विचारलं, “कळ येतेय का जळजळतंय?” ‘कळ’ हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. ‘जळजळ’ ऐकल्यावर उर्दूतली ‘जलन’ आठवली आणि तिनं मान हलवली, “हो, जळजळ.” रांग दारापर्यंत गेलेली. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. “थांबलं नाही तर लगेच या,” असंही सांगितलं. दोघी घरी आल्या.

तिसऱ्या रात्री अम्मीला बसवेना की उठवेना. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून धाराशिवला नेलं. अपेंडिक्स निघालं. ऑपरेशन झालं, अल्लाहच्या कृपेनं जीव वाचला. आणखी उशीर झाला असता तर ते आतच फुटलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

मी भेटायला गेले तेव्हा अम्मी सहज सांगून गेली, “पहले बोंबी के बाजू में दुखता था टीचर, बाद में नीच्चे सीधे तरफ़ उतरा. कळां पे कळां आती थी.”

मी गप्प झाले. बोंबी म्हणजे बेंबी. कळा तर ती मराठीतच म्हणत होती. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली उतरतं, ही अपेंडिक्सची ठरलेली खूण आहे. ही बाई शाळेत गेलेली नाही. सुगीत मराठी बायकांबरोबर सोयाबीन काढायला जाते. तिला तिथं बोलू दिलं असतं तर डॉक्टरांना सगळं समजलं असतं. तिला गप्प कुणी बसवलं? तर मी दहापैकी दहा दिलेल्या मराठीनं.

मुलगी रडत म्हणाली, “टीचर, वो लफ़्ज़ां किताब में नइ थे.”

हा लेख त्या वाक्यापोटी लिहिते आहे.

पुस्तकातली आणि तोंडातली

पुस्तकाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. बालभारतीची ‘सुलभभारती’ ही पुस्तकं मराठी माध्यम नसलेल्या मुलांसाठीच तयार झालेली आहेत. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. आमची मुलं कविता पाठ करतात, पत्रलेखन करतात. पण पुस्तकाची मराठी लिहायची असते आणि एसटी स्टँडवरची, रेशन दुकानातली, दवाखान्यातली मराठी तोंडातून निघायची असते. ही दुसरी मराठी परीक्षेला नसते, म्हणून ती शिकायची असते हेच मुलांच्या लक्षात येत नाही.

पालक म्हणतात, “टीचर, सगळ्यांना हिंदी समजतं की.” समजतं, हे खरं आहे. पण आपण बोललेलं समोरच्याला समजणं ही अर्धी गोष्ट झाली. समोरचा काय म्हणतो, ते आपल्याला नेमकं समजायला हवं. औषधाच्या दुकानात सांगतात, “ही गोळी दिवसाआड घ्या, अनशापोटी.” आमच्या एका मुलीनं दादीला सांगितलं, ‘दिवसाआड’ म्हणजे दिवस आडोशाला गेल्यावर, म्हणजे रात्री! उर्दूत ‘आड’ म्हणजे पडदा, म्हणून तिनं तसा अर्थ लावला. खरं तर दिवसाआड म्हणजे एक दिवस सोडून एक दिवस, आणि अनशापोटी म्हणजे सकाळी काही न खाता. गोळी साधी होती म्हणून निभावलं.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

आपला जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं उच्च शिक्षणही उर्दूतून मिळायचं. आमच्या आजोबांच्या पिढीत परंडा, नळदुर्ग, कळंबकडचे हिंदू शेतकरीही उर्दूत अर्ज लिहायचे. पुढं कचेरीची भाषा मराठी झाली. तरी अर्ज, तारीख, मुदत, वारस, जामीन, वकील हे शब्द आहेत तिथंच राहिले. मौलवी अब्दुल हक औरंगाबादेत राहिले, तेव्हा त्यांनी मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं.

म्हणजे आपल्या मुलांना कचेरीची निम्मी मराठी येतेच. गडबड होते ती अर्थ बदललेल्या शब्दांत. मी वर्गात अशी यादी करायला लावली, तेव्हा मुलं हसून लोळायची बाकी राहिली.

उर्दूत ‘दाख़िला’ म्हणजे प्रवेश. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. म्हणून ‘शाळा सोडल्याचा दाखला’ वाचून एका मुलानं विचारलं, “सोडल्यावर दाख़िला कसा?” उर्दूत ‘सहीह’ म्हणजे बरोबर, मराठीत सही म्हणजे दस्तख़त. ‘मुलाक़ात’ म्हणजे भेट; मराठीत मुलाखत म्हणजे नोकरीसाठी होणारी प्रश्नोत्तरं. ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश. मराठीत खुलासा मागितला की आपल्याला आपली बाजू मांडायची असते. ‘दफ़्तर’ म्हणजे कचेरी. मराठी मुलं दप्तर पाठीवर घेऊन शाळेत येतात! ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालमीत कुस्ती खेळतात आणि नाटकाची तालीम करतात. ‘शिकस्त’ म्हणजे हार. मराठीत प्रयत्नांची शिकस्त केली म्हणजे जिवापाड प्रयत्न केले. आणि ‘हरकत’ म्हणजे हालचाल किंवा खोडी, मराठीत मात्र “हरकत नाही” म्हणजे “चालेल, काही अडचण नाही.”

या शेवटच्या शब्दाची गंमत ऐका. बँकेत एका मुलानं विचारलं, “साहेब, उद्या आधार कार्ड आणलं तर?” साहेब म्हणाले, “हरकत नाही.” पोराला वाटलं, आपण काही खोडी केली नाही एवढंच ते सांगताहेत. ते तसंच ताटकळत उभं राहिलं.

दुखणं सांगायचे शब्द

त्या पावसाळ्यानंतर पहिला धडा मी दुखण्याचा घेतला. तुमच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून इथं देते.

कळ म्हणजे थांबून थांबून जोरात उठणारी वेदना. मुरडा म्हणजे पोट आतून पिळवटणं, आपली मरोड. जळजळ म्हणजे छातीत किंवा पोटात आग होणं. चमक म्हणजे पाठीत, कमरेत हलताना एकदम भरणारी वेदना. ठणका म्हणजे जखमेत, दातात, गळवात ठोक्याठोक्यानं दुखणं. मुंग्या येणं म्हणजे झुनझुनी. मळमळणं म्हणजे जी मतलाना. कणकण म्हणजे ताप येण्याआधीची हरारत. धाप लागणं म्हणजे सांस फूलना. आणि बायका ज्याला “जी घबरा रहा” म्हणतात, त्याला मराठी बायका म्हणतात “कसंतरी होतंय.” हे शेवटचं कोणत्याही पुस्तकात नसेल, पण नर्सबाईला ते पटकन कळतं.

दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत दोनच लिंगं, मराठीत तीन. म्हणून आपली मुलं “माझा डोका दुखतो,” “माझी पोट दुखते” म्हणतात. बाकीचे हसतात आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. नियम पाठ करवण्यापेक्षा मी ओळी म्हणवून घेते. घसा, कान, डोळा, दात, हात, पाय, गुडघा: दुखतोय. मान, पाठ, कंबर, छाती: दुखतेय. डोकं, पोट, अंग, बोट: दुखतंय. आठ दिवस शरीरावर हात ठेवून म्हटलं की जिभेला वळण लागतं.

‘लागणे’ शिकवायला मात्र एक अख्खा तास गेला. एसटी स्टँडवर कुणी म्हणतं, “तुळजापूरची गाडी लागली,” म्हणजे गाडी फलाटावर उभी आहे. “मला गाडी लागते,” म्हणजे प्रवासात उलटी होते. भूक लागते, ठेच लागते, भाजी तिखट लागते, कामाला दोन दिवस लागतात. आणि “ती तुझी कोण लागते?” म्हणजे तिचं तुझं नातं काय? हे कुठल्या शब्दकोशातून शिकवणार? ऐकूनच शिकावं लागतं. बघा, इथंही ‘लागतं’ आलंच.

तू, तुम्ही आणि येते

आपल्या दखनीत ‘तू’ मोकळेपणानं चालतं. तोच मोकळेपणा मराठीत आणला की पंचाईत होते. आमची एक चौथीतली पोरगी रेशन दुकानदाराला म्हणाली, “तू साखर दे.” तिच्या मनात उद्धटपणा नव्हता, पण दुकानदाराला तो वाटला. मुलांना मी सांगते, अनोळखी मोठ्या माणसाला नेहमी ‘तुम्ही’ म्हणा आणि सोबत नातं जोडा. बाजारातल्या भाजीवालीला मावशी, म्हाताऱ्या माणसाला बाबा किंवा अप्पा, कंडक्टरला दादा, नर्सला ताई किंवा सिस्टर. “मावशी, वांगी कशी दिली?” म्हटलं की भाव थोडा उतरतोच. उलट मराठी घरातली मुलं आईला, आजीला ‘तू’ म्हणतात. आमच्या मुलींना ते फार चमत्कारिक वाटतं. त्यांच्याकडे ती माया आहे, हेही समजावून सांगावं लागतं.

कुणाच्या घरून निघताना “मी जाते” म्हणू नये, “येते” म्हणावं. जाते म्हणणं अशुभ मानतात. आणि कुणाच्या घरी मौत झाली तर? आमच्या शाळेजवळच्या गुरुजींचे वडील गेले, तेव्हा एका मुलानं त्यांना भर रस्त्यात विचारलं, “सर, तुमचे वडील मेले का?” सरांनी समजून घेतलं, पण त्यांचा चेहरा उतरला. मराठीत माणूस ‘वारतो’, ‘जातो’; ‘मेला’ म्हणत नाहीत. उर्दूत इंतक़ाल म्हणायला शिकवलेलं मूल मराठीत मात्र नागडा शब्द वापरतं, कारण दुसरा शब्द त्याला कुणी दिलेलाच नसतो. शेजाऱ्याच्या दुःखात काय बोलावं हे येत नसेल, तर दहा वर्षं मराठी शिकून काय मिळवलं?

आणि ही आपल्या भागाची मराठी आहे, हेही विसरू नका. “कधी आलाव?” “काय करायलास?” असं विचारलं तर मुलानं गोंधळून जाऊ नये. पुस्तकात “कधी आलात?”, “काय करतो आहेस?” असतं. परीक्षेत पुस्तकातलं लिहावं, पारावर पारावरचं समजावं.

दूरच्या एका शहरात

हा घोर काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. हाँगकाँगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी भारतीय, पाकिस्तानी मुस्लिम कुटुंबं आहेत. तिथल्या कौलून मशिदीची स्थापना 1896 ची. त्या शहरात घराघरांत, बाजारात कँटोनीज बोलतात, पण शाळेत लिहायला शिकवतात ती प्रमाण चिनी. ‘तो’, ‘आहे’ असे साधे शब्दसुद्धा लिहिताना वेगळे, बोलताना वेगळे. म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला पुस्तक शिकून बाजारात बोलता येत नाही. साधे आभार मानायचे तरी दोन शब्द आहेत. कुणी भेट दिली तर ‘दो-जे’; कुणी दार धरलं, चहा आणून दिला, वाट दिली तर ‘म्-गॉय’. भेटीला ‘म्-गॉय’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला खटकतं. आणि ओळखीचा माणूस भेटला की विचारतात, “सिक-जॉ फान मेई?” म्हणजे भात खाल्लास का? आपल्याकडचं “जेवलाव का?” याहून काय वेगळं आहे? उत्तरात जेवणाचा तपशील द्यायचा नसतो, एवढं समजलं की माणूस त्या गल्लीतला झाला.

मराठीतही ‘धन्यवाद’ सभेत म्हणतात. शेजारणीनं मूल सांभाळलं तर म्हणतात, “बरं झालं बाई तू होतीस.”

दुसऱ्यांची भाषा शिकणं आपल्या परंपरेला परकं नाही. हुजूर (स.) यांच्या सांगण्यावरून हज़रत ज़ैद बिन साबित (रज़ि.) यांनी पत्रव्यवहारासाठी दुसऱ्या लोकांची भाषा थोड्याच दिवसांत आत्मसात केली, हा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे. कामासाठी, विश्वासासाठी भाषा शिकायची असते. त्यानं आपली भाषा लहान होत नाही.

आपल्याच घरात आहे

आता वर्गात दर शनिवारी अर्धा तास ‘बाहेरची मराठी’ असते. मुलांनी आठवड्यात ऐकलेली पाच वाक्यं आणायची: “सुट्टे द्या,” “पुढं सरका,” “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,” “अंगठा उमटत नाही.” मग एकानं कंडक्टर व्हायचं, एकानं प्रवासी, एकीनं नर्स, एकीनं म्हातारी. हसायचं, पण चुकणाऱ्याला नाही. एकच नियम आहे: समजलं नाही तर मान हलवायची नाही. म्हणायचं, “समजलं नाही, परत सांगता का?” हे वाक्य प्रत्येक मुलाच्या तोंडी बसेपर्यंत मी पुढचा धडा घेत नाही. त्या दिवशी दवाखान्यात हे एक वाक्य आलं असतं तरी पुरे होतं.

घरी तुम्हीही एवढं करू शकता. बाजारात मुलांना पुढं करा, तुम्ही मागं उभे राहा. पासबुक भरायला, केसपेपर काढायला त्यांना सोबत न्या. चूक झाली तर तिथंच चारचौघांत सुधारू नका, घरी येऊन सांगा. आणि कृपा करून मुलांसमोर आपल्याच घरातल्या बायकांच्या मराठीला हसू नका.

कारण खरी बोलती मराठी त्यांच्याकडे आहे. आपण दखनी बोलतो, त्यातच मराठी केव्हाची येऊन बसली आहे. “मेरेकू नक्को” म्हणतो, तो ‘नक्को’ मराठीचा ‘नको’. “मैंच बोली, वोच आया” म्हणतो, तो ‘च’ मराठीचा ‘च’. उत्तरेची उर्दू बोलणारे याला हसतात आणि आपण लाजतो. लाजायचं काय? शेकडो वर्षं शेजारी राहिल्याची ती खूण आहे. जी मराठी आपल्या तोंडात आधीच आहे, तिचा हात धरून उरलेली शिकायला काय कठीण?

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी त्या मुलीच्या अम्मीला शाळेत बोलावलं. ती आधी येईना. “मैं क्या पढ़ाऊँ टीचर, मेरेकू तो सही करने बी नइ आता,” म्हणाली. मी म्हटलं, “तुम्ही फक्त बोला.” खुर्चीवर बसली नाही, पोरींमध्ये सतरंजीवर बसली. सोयाबीन काढताना बायका काय बोलतात, विळा लागला तर काय म्हणतात, कळ आणि मुरडा यांत काय फरक, पोटुशा बाईला काय विचारतात, हे सगळं तिनं सांगितलं. निम्मं दखनीत, निम्मं मराठीत. तिची मुलगी फळ्यावर शब्द लिहीत होती. एका शब्दापाशी ती थांबली. मागं वळून तिनं अम्मीला विचारलं, “अम्मी, समजलं नाही, परत सांगता का?”

अम्मीनं पुन्हा सांगितलं.